बेड नंबर ९ : अठ्ठावीस सेकंदांची रील

फिमेल मेडिकल वॉर्डात नर्सिंग स्टेशनच्या मागे एक पांढरा बोर्ड होता. निळ्या मार्करनं आखलेले पाच रकाने: बेड नंबर, नाव, वय, युनिट, निदान. राउंडला आलेल्या डॉक्टरांना एका नजरेत सगळा वॉर्ड कळावा म्हणून तो तिथे लावलेला. मी त्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. दिवसातून दहा वेळा त्या बोर्डासमोरून जायचे आणि मलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या त्या न खटकण्याचाही वाटा आहे.

प्रकरण मुंबईच्या एका उपनगरातल्या धर्मादाय रुग्णालयातलं. रुग्णाचं वय, राहण्याची जागा, गाव, बेडचा नंबर हे सगळं बदललं आहे. परिचारिका दिन तेवढा खरा ठेवला आहे, तो काढला तर प्रकरणच उरत नाही.

रुग्ण चोवीस वर्षांची. भांडुपच्या एका चाळीत आई आणि धाकट्या भावाबरोबर राहणारी, एका कंपनीच्या बॅक ऑफिसात कामाला. चार महिने पोट दुखत होतं, संध्याकाळी कणकण यायची, वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांची अ‍ॅसिडिटीची औषधं घेऊन झाली. मग सोनोग्राफी, सीटी आणि शेवटी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी. निदान झालं आतड्याच्या टीबीचं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. म्हणजे तिच्या खोकल्या-शिंकण्यातून हा आजार दुसऱ्या कुणाला होईल अशी भीती नव्हती. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत, की बरी होणार.

तरी आईनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, मुलीचं जमत आलंय. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची आहे. हे आमच्या तिघांतच राहू दे.” चाळीत ‘आतड्याला सूज आली आहे’ असं सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं.

बोर्डावर नऊ नंबरच्या पुढे तिचं पूर्ण नाव होतं आणि शेवटच्या रकान्यात ‘अ‍ॅब्डॉमिनल कॉक्स’. या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यांच्या नावावरून डॉक्टर मंडळी टीबीला ‘कॉक्स’ म्हणतात. वॉर्डात हा शब्द बहुतेक वेळा मुद्दाम वापरला जातो. राउंडच्या वेळी मोठ्यानं ‘टीबी’ म्हटलं, की शेजारच्या बेडवरची बाई ऐकते, तिला भेटायला आलेले पाचजण ऐकतात. ‘कॉक्स’ म्हटलं की कुणाच्या काही लक्षात येत नाही. रुग्णाची लाज राखायला आमच्याच आधीच्या लोकांनी धरलेला हा आडपडदा. खिशात मोबाइल नव्हता तोवर तो पुरला.

१२ मे, परिचारिका दिन. सकाळी दीपप्रज्वलन झालं, शपथ झाली, केक कापला. त्या वर्षी रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागानं रीलची स्पर्धा ठेवली होती: ‘माझा वॉर्ड, माझं कुटुंब’. सर्वांत चांगली रील रुग्णालयाच्या पेजवर जाणार. वॉर्डातली सगळ्यांत धाकटी सिस्टर, तेवीस वर्षांची, मराठवाड्यातून आलेली, कंत्राटावर लागून आठ महिने झालेले. तिनं दुपारच्या ड्यूटीत अठ्ठावीस सेकंदांची रील केली. सलाइन लावताना, औषधांची ट्रॉली ढकलताना, मावशींबरोबर हसताना. बेड नंबर नऊपाशी थांबून तिनं विचारलंही होतं, “तुझ्याजवळून घेते गं, चालेल ना?” आणि मुलगी म्हणाली होती, “घ्या ना सिस्टर.” रीलमध्ये ती छान हसली आहे. अकराव्या सेकंदाला कॅमेरा तिच्यावरून वळून नर्सिंग स्टेशनकडे जातो आणि दीड सेकंद बोर्ड दिसतो.

रील आधी सिस्टरच्या स्वतःच्या अकाउंटवर गेली. संध्याकाळी रुग्णालयाच्या पेजनं ती पुढे शेअर केली. रात्री चाळीतल्या कुणीतरी कौतुकानं ती गावच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली: “आपली मुलगी रीलमध्ये!” मुंबईतल्या कोकणी माणसाला मंडळाचा ग्रुप काय असतो हे सांगायला नको. गणपतीच्या गाडीच्या तिकिटापासून कुणाच्या बाराव्यापर्यंत सगळं तिथेच कळतं. रत्नागिरीतला गाव, भांडुप, डोंबिवली, विरार, सगळे एका ग्रुपात. सासरकडचं होऊ घातलेलं घर डोंबिवलीचं, आणि त्यांचे दोन नातेवाईक त्याच ग्रुपात. चुलत वहिनीनं रील थांबवली, दोन बोटांनी मोठी केली, शब्द वाचला आणि गूगलवर टाकला. रात्री साडेदहाला ग्रुपवर एक ओळ पडली: “हिला टीबी आहे काय?”

इथे आकडे थोडे बघण्यासारखे आहेत. सिस्टरचे चारशेच्या आसपास फॉलोअर. रुग्णालयाच्या पेजवर दोन दिवसांत काही हजार लोकांनी रील पाहिली. या हजारांपैकी कुणालाही ती मुलगी कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं आणि त्यांच्या पाहण्यानं तिचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्या ग्रुपातल्या पाच-सात माणसांच्या पाहण्यानं. चौकशीत हा मुद्दा मला वारंवार समजावून सांगावा लागला. प्रसिद्धी विभागाचं म्हणणं होतं, “एवढ्या गर्दीत कोण ओळखणार?” गर्दी कुणालाच ओळखत नाही. ओळखणारे ओळखतातच, आणि रुग्णाला नेमकं त्यांच्यापासूनच लपवायचं असतं. चेहरा झाकला, नाव काढलं, तरी हातावरचं गोंदण, उशीजवळचा डबा, पलंगाशी बसलेली आई, आवाज, एवढंही त्यांना पुरतं.

तिसऱ्या दिवशी आई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. “आम्ही कुणाला एका शब्दानं बोललो नाही. मग गावापर्यंत गेलं कसं?” तिला रील दाखवायला मी मोबाइल काढला आणि माझ्याच हाताला कंप सुटला. नळावर शेजारणीनं आपली कळशी तिच्या कळशीपासून लांब ठेवली होती. ऑफिसातून मुलीला निरोप आला होता, ‘बरं वाटेपर्यंत घरीच थांब,’ आणि तिनं ऑफिसात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. डोंबिवलीकरांनी काही बोलणं केलं नाही. त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

आणि मग दुसरी चूक झाली. मला विचाराल तर पहिलीपेक्षा मोठी.

वॉर्डचे एक तरुण डॉक्टर, रुग्णांत खरोखर जीव असणारे, त्यांनी रुग्णालयाच्या पेजवर रीलखाली लोकांच्या कुजबुजीच्या कॉमेंट वाचल्या. संतापून स्वतःच्या नावानं त्यांनी उत्तर लिहिलं: पोटाचा टीबी संसर्गजन्य नसतो, पूर्ण बरा होतो, कृपया अफवा पसरवू नका. वैद्यकीयदृष्ट्या प्रत्येक शब्द बरोबर. पण तोवर जी गोष्ट कुजबुज होती, ती आता उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या सहीनं पक्की झाली. आई तोपर्यंत चाळीत ‘बोर्डावर दुसऱ्याच पेशंटचं लिहिलं असेल’ म्हणून किल्ला लढवत होती. त्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट तिच्यासमोर धरला गेला आणि तिचं तोंड बंद झालं.

डॉक्टरांना हे समजावताना मला फार जड गेलं. ते म्हणाले, “मी खोटं खोडून काढलं.” त्यांनी खोडलं ते अज्ञान, खरं आहे. पण ज्या माहितीबद्दल आपण तोंड उघडायचंच नाही तिचं समर्थनही करता येत नाही आणि खंडनही. रुग्णाबद्दल जाहीर प्रश्न आला, तर ‘ती आमच्याकडे दाखल होती’ इथपासूनच गप्प राहायचं. टीबीबद्दल बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी, कुणाचंही नाव नसताना बोलावं. पेजवर दर महिन्याला बोलावं. त्या रीलखाली नाही. त्यांनी कॉमेंट काढली, पण तोवर ती दीड दिवस तिथे होती.

रुग्णालयाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आली. रील काढली, सिस्टरला कारणे दाखवा नोटीस दिली आणि कंत्राट संपवायचा प्रस्ताव तयार ठेवला. चौकशी समितीत मेट्रन, वैद्यकीय अधीक्षक, मनुष्यबळ विभागाच्या एक बाई आणि मी.

समितीत पहिला प्रश्न आला, नेमका कोणता नियम मोडला? डॉक्टरांसाठी उत्तर सोपं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाची गुपितं उघड करायची नाहीत हे स्पष्ट आहे. अपवाद न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला ठोस गंभीर धोका आणि नोंद करणं सक्तीचं असलेले आजार. राष्ट्रीय वैद्यक आयोगाची नवी नियमावली २ ऑगस्ट २०२३ ला आली. तिच्यात समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसं वागावं याचा वेगळा भाग होता, पण २३ ऑगस्टला ती स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू राहिली. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची नीतिसंहिता आहे. रुग्णाच्या खासगीपणाचा मान राखणं, गुप्तता पाळणं आणि माहिती सांगताना तारतम्य ठेवणं तिच्यात आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि रुग्ण हक्कांची सनद तर आमच्याच ओपीडीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली होती.

यात एक गाठ आहे, मी शिकवते त्या वर्गातल्या मुली ती हमखास विचारतात. टीबीची नोंद तर २०१२ पासून सरकारकडे करावीच लागते, निक्षय पोर्टलवर रुग्णाचं नाव, पत्ता, फोन सगळं जातं. मग गुप्तता कुठे राहिली? नोंद ही ठरलेल्या माणसानं ठरलेल्या जागी, औषध मिळावं आणि घरातल्यांची तपासणी व्हावी म्हणून केलेली असते. ती करण्याची मुभा म्हणजे ती माहिती मोकळी झाली असं नाही. मला खुपतं ते वेगळंच. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात गुप्तता आहे, भेदभावाला बंदी आहे. टीबीसाठी तसा वेगळा कायदा नाही. त्या मुलीला ऑफिसनं घरी बसवलं तेव्हा मी कोणत्या कलमावर बोट ठेवणार होते?

दुसरा प्रश्न परवानगीचा. सिस्टरनं लेखी उत्तरात लिहिलं होतं, “पेशंटला विचारलं होतं, ती हो म्हणाली.” ते खरं होतं. मुलीनंही मला तेच सांगितलं. मग ती जरा थांबून म्हणाली, “मॅडम, हातात सलाइन आहे, संध्याकाळचं इंजेक्शन त्याच देणार. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू, मला बरंही वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणी मला आजारी सोडून दुसरं काही समजलं.” हे वाक्य मी समितीत जसंच्या तसं वाचून दाखवलं, तिला विचारून. ती परवानगी तिच्या हसण्याची होती. मागच्या बोर्डाची नव्हती, रुग्णालयाच्या पेजची नव्हती, उद्या कुणी ती पुढे पाठवेल त्याची तर नव्हतीच. वॉर्डात, ड्यूटीवर, गणवेशात विचारलेल्या ‘चालेल ना’ला परवानगी म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. विचारायचंच असेल तर डिस्चार्ज झाल्यावर, तिच्यावर उपचार न करणाऱ्या माणसानं, व्हिडिओ दाखवून आणि तो कुठे कुठे जाणार हे सांगून विचारावं. आणि मागाहून ती नाही म्हणाली तर काढून टाकावं.

सिस्टरला काढण्याला मी विरोध केला. त्यासाठी मी चार दिवस वॉर्डात बसले आणि त्या बसण्यात जे सापडलं ते रीलपेक्षा वाईट होतं. वॉर्डचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. रात्री दोन वाजता रेसिडेंटला सरांचं मत हवं असायचं, मग केसपेपरचा फोटो, एक्स-रेचा फोटो, रिपोर्टचा फोटो त्या ग्रुपवर. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव छापलेलं. ग्रुपमध्ये बासष्ट जण. इंटर्नशिप संपवून गेलेले एकोणीस जण त्यात तसेच होते, दोघं दुसऱ्या रुग्णालयात, एक परदेशात. कुणी त्यांना काढलं नव्हतं आणि कुणी आपणहून बाहेर पडलं नव्हतं. आलेला प्रत्येक फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप साठत होता. एका वॉर्डबॉय मामांनी मला भाबडेपणानं सांगितलं, त्यांचा मुलगा त्याच मोबाइलवर गेम खेळतो आणि त्याला ते ‘पोटातले फोटो’ आवडतात.

बोर्ड प्रशासनानं लावलेला. स्पर्धा प्रसिद्धी विभागानं ठेवलेली. रील शेअर करण्याआधी पेजवरच्या माणसानं ती एकदाही थांबवून बघितली नाही. ग्रुप सीनिअर डॉक्टरांनी बनवलेला. या सगळ्याच्या शेवटी अठरा हजार पगाराची एक मुलगी उभी होती आणि नोटीस फक्त तिला गेली होती. अधीक्षकांना मी हे याच शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मेट्रन म्हणाल्या, “ती माझी मुलगी आहे, चूक माझी लिहा.” तिथून चर्चा वळली.

सिस्टरला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. तिनं माफी मागायला भेट मागितली. रुग्णानं नाही म्हटलं. सिस्टर माझ्यासमोर रडली, पण मी मुलीकडे पुन्हा शब्द टाकला नाही. माफ करण्याचं ओझं त्या महिन्यात तिच्या डोक्यावर ठेवायचं नव्हतं. डॉक्टरांना नोटीस निघाली नाही. ते माझ्या मते चुकलं, आणि तसं मी नोंदवलं.

बोर्ड दुसऱ्याच दिवशी पुसला. आता त्यावर बेड नंबर, युनिट आणि पडण्याचा धोका किंवा उपाशी ठेवायचं असेल तर त्याची खूण, एवढंच असतं. निदान फाइलमध्ये. राउंडला दोन मिनिटं जास्त लागतात अशी तक्रार आली होती, महिन्याभरात विरली. वॉर्डात व्हिडिओ पूर्ण बंद झाले. परिचारिका दिनाचं चित्रीकरण आता सभागृहात होतं. ग्रुपचं मात्र नीट मिटलं नाही. मी तो बंद करा म्हणाले, तर एका सीनिअर रेसिडेंटनं विचारलं, “रात्री दोनला पेशंट खालावला तर सरांना फिल्म दाखवायची कशी?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना ग्रुप मोडून नवा केला, त्यात चालू युनिटचेच लोक, नावाची पट्टी बोटानं झाकून फोटो, खाली फक्त नोंदणी क्रमांक, गॅलरीत साठणं बंद. सहा महिन्यांनी मी पुन्हा पाहिलं तेव्हा दहातल्या तीन फोटोंत नाव दिसत होतं.

मुलीच्या बाजूनं काय करता आलं, ते थोडं सांगते. ऑफिसला रुग्णालयानं पत्र द्यावं, टीबी पसरणारा नाही असं लिहावं, अशी आईची मागणी. डॉक्टर लिहायला तयार होते. मी मुलीशी तासभर बोलले. कंपनीकडे कागदावर निदान गेलं की ते तिच्या फाइलमध्ये कायमचं राहणार, नोकरी बदलली तरी. शेवटी पत्रात एकच ओळ गेली: अमुक तारखेपासून कामावर हजर होण्यास योग्य. आजाराचं नाव नाही. बाकी काय आणि कुणाला सांगायचं हे तिच्यावर. तिनं आपल्या टीम लीडरला स्वतः सांगितलं, कॅन्टीनमध्ये, आपल्या शब्दांत. बाईंनी ऐकून घेतलं आणि सोमवारपासून ये म्हणाल्या. चाळीत वेळ लागला. डोंबिवलीचं जमलं नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्य होणाऱ्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत असं आहे. मी तो भाग वर्गात सांगते तेव्हा मुली जुन्या पाठांतरासारखं ऐकतात. मग पूर्वी मी तीच रील, बोर्ड आणि चेहरा पूर्ण झाकून, दाखवायचे आणि त्यांना सांगायचे की ही मुलगी कोण, कुठली, कोणत्या घरातली, ओळखा. दर वर्षी कुणीतरी मागे दिसणारी खिडकी, भिंतीचा रंग आणि गणवेशाच्या कडेवरून रुग्णालय ओळखायचं. गेल्या वर्षी ते झाल्यावर मी ती रील दाखवणं थांबवलं.

हे लिहून झाल्यावर मी तिला फोन केला. गोळ्यांचा कोर्स केव्हाच संपला आहे, वजन परत आलं आहे. भेटली, तेव्हा कागद तिच्या हातात दिले. तिनं सगळं शांतपणे वाचलं आणि पेन मागितलं. दोन ठिकाणी तिनं ओळी खोडल्या, एका ठिकाणी एक पूर्ण परिच्छेद. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कागद परत देताना म्हणाली, “मॅडम, आता टाका.”